उन्हाच्या बेटावरच्या बायका

आज तुम्हाला जरा लांब नेणार आहे. स्पेनच्या पूर्वेला, भूमध्य समुद्रात मायोर्का नावाचं बेट आहे. बार्सिलोनाहून विमानात बसलं, की तासाभराच्या आत तिथं पोचतो. माझी भाची नोकरीनिमित्त बार्सिलोनात असते. तिच्याबरोबर सप्टेंबर महिन्यात मी दहा दिवस या बेटावर राहून आले. तिला तिथली भाषा येते, त्यामुळे बायकांशी बोलता आलं. नाहीतर मीही समुद्र बघून परत आले असते.

हे बेट आकारानं जवळजवळ आपल्या गोव्याएवढं. वस्ती नऊ लाखांच्या वर. मायोर्का, मेनोर्का, इबिझा आणि फोर्मेंतेरा ही बालेआरिक बेटं. या बेटांवर मिळून २०२४ या एका वर्षात १ कोटी ८० लाखांहून जास्त पाहुणे येऊन गेले. कशासाठी? ऊन खायला. जर्मनी, इंग्लंडकडच्या लोकांना वर्षातले कितीतरी महिने नीट ऊन मिळत नाही. ते इथं येऊन भर दुपारी वाळूत पडून राहतात.

आणि बेटावरचे लोक काय करतात? अगदी आपल्यासारखंच. उन्हापासून लपतात. जुन्या घरांना लाकडी पट्ट्यांची हिरवी दारं असतात खिडक्यांना. दुपार झाली की ती ओढून घ्यायची. घरात गार अंधार. गावातली छोटी दुकानं दीड-दोनला बंद होतात, ती पाचच्या सुमाराला उघडतात. त्या वेळेत रस्त्यावर दिसतात ते फक्त पाहुणे.

खरं गाव बघायचं तर दिवस कलल्यावर बाहेर पडावं. घराघरातून खुर्च्या बाहेर येतात. रस्त्याच्या कडेला, दारासमोर मांडल्या जातात. म्हाताऱ्या बायका पंखा हलवत बसतात, शेजारीण आपली खुर्ची घेऊन येते. याला ते म्हणतात ‘गारवा घेणं’. आपल्याकडं ओट्यावर बसतात तसंच. वयस्कर बाईला नावाआधी ‘मादो’ म्हणायची जुनी रीत आहे आणि आजीला म्हणतात ‘पाद्रिना’. अशाच एका पाद्रिनानं मला जवळ बसवून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, तुमच्याकडं टोमॅटो कसा टिकवतात?

कारण त्यांच्याकडं टोमॅटोची एक खास जात आहे. ती दोऱ्यात ओवतात आणि भिंतीला किंवा आढ्याला टांगून ठेवतात. आपण लसणाच्या गड्ड्या किंवा मक्याची कणसं टांगतो ना, तशी. हा टोमॅटो फ्रीजशिवाय कित्येक महिने टिकतो. तो अर्धा चिरायचा, पावाच्या फोडीवर घासायचा, वर ऑलिव्हचं तेल आणि मीठ. झालं रात्रीचं जेवण. नाव ‘पा अंब ओली’, म्हणजे तेल-पाव. शाकाहारी मैत्रिणींसाठी आणखी एक पदार्थ आहे, ‘तुंबेत’. वांगी, बटाटे, ढोबळी मिरची वेगवेगळी तळून थर लावायचे आणि वर टोमॅटोचा रस्सा. मात्र ‘एन्साइमादा’ नावाची गोल वेटोळ्याची गोड रोटी सगळीकडं दिसते, ती विचारून घ्या. तिच्यात डुकराची चरबी असते. तिच्या नावातच ती चरबी आहे.

बुधवारी आम्ही सिनेऊ गावच्या बाजाराला गेलो. बेटाच्या मध्यावरचं गाव, शतकानुशतकांचा आठवडी बाजार. कोंबड्या, मेंढ्या, अंजिरं, बदाम, वेताच्या आणि ताडपात्याच्या टोपल्या. उत्तरेकडच्या त्रामुंताना डोंगरात गेलो, तर उतारावर चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी ताली आणि त्यावर ऑलिव्हची जुनी झाडं. या डोंगराला २०११ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला. पिढ्यान् पिढ्या दगडावर दगड ठेवून माती अडवली, तेव्हा तिथं शेती झाली. म्हणजे हे बेट मुळात कष्टाळू शेतकऱ्यांचं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते. आमच्या हॉटेलात खोली आवरायला एक बाई यायची. पन्नाशीची, कोलंबियातून आलेली. भाचीनं तिच्याशी ओळख काढली. एकेका दिवशी वीसहून जास्त खोल्या तिच्या वाट्याला येतात. प्रत्येक खोलीत दोन जड गाद्या. चारही कोपरे वाकून उचलायचे, चादर खोचायची, पुन्हा दुसऱ्या बाजूला जायचं. न्हाणीघर घासायचं, टॉवेलांनी भरलेली ढकलगाडी लांब पडव्यांतून ओढायची. कंबर, मनगट, खांदे, सगळं दुखतं. ती सांगत होती, “गोळी घेतल्याशिवाय हंगाम निघत नाही.” हंगाम म्हणजे साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद होतात. पुढच्या वसंतात पुन्हा बोलावणं येतं.

पण या बायका नुसत्या सोसत राहिल्या नाहीत. स्पेनभर त्यांनी संघटना बांधली. नाव घेतलं ‘लास केलीस’. ‘ज्या सफाई करतात त्या’ या स्पॅनिश शब्दांवरून जुळवलेलं नाव. रस्त्यावर आल्या, पुढाऱ्यांना भेटल्या, आपली दुखणी कामामुळं जडलेली आहेत हे लोकांपुढं मांडलं. आणि २०२२ साली बालेआरिकच्या विधिमंडळानं कायदा केला, की हॉटेलांनी टप्प्याटप्प्यानं वर उचलता येणारे पलंग बसवायचे. पायानं किंवा बटणानं पलंग कमरेच्या उंचीला येतो. बाईला वाकावं लागत नाही.

मैत्रिणींनो, मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. पलंगाची उंची! किती साधी गोष्ट. पण कायद्याच्या पुस्तकात ती यायला बायकांना किती वर्षं बोलत राहावं लागलं.

तरी एक दुखणं अजून मोठं आहे. घर. पाहुण्यांना जागा भाड्यानं दिली की जास्त पैसे मिळतात, म्हणून राहत्या लोकांना घरं मिळेनाशी झाली. शिक्षिका, नर्स यांना पगारात भाडं परवडत नाही. पाल्मा या राजधानीच्या कडेला काम करणारी माणसं गाड्यांमध्ये संसार मांडून राहतात. पाल्मा शहरानं २०१८ मध्ये इमारतींतल्या सदनिका पर्यटकांना भाड्यानं द्यायला बंदी घातली. २०२४ च्या जुलैमध्ये हजारो लोक पाल्माच्या रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं होतं, पर्यटन कमी हवं, जगणं जास्त हवं.

मी त्या पाद्रिनाला विचारलं, आम्ही पाहुण्यांनी येऊच नये का? ती म्हणाली, “या की. पण गाव राहिलं, तर तुम्ही बघायला काय याल? माझी नात लग्न करून इथं राहू शकत नाही. तिला घर मिळत नाही. मग संध्याकाळी ही खुर्ची कोण बाहेर काढणार?”

हे ऐकताना मला आपलं गोवा आठवलं, कोकण आठवलं, महाबळेश्वर-पाचगणी आठवली. तुमच्यापैकी कितीतरी जणी घरात पाहुणे ठेवता, खानावळ चालवता, हॉटेलात कामाला जाता. पर्यटनाचा पैसा हवाच. पोरांच्या फिया त्यातून जातात. पण बचतगटाच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न जरूर घ्या. पाहुण्यांच्या गाद्या कोण उचलतं आणि तिची कंबर कशी आहे? हंगाम संपल्यावर तिच्या हातात काय उरतं? आणि पाहुण्यांसाठी खोल्या वाढवताना गावातल्या लेकी-सुनांना राहायला जागा उरते का?

आणि तुम्ही स्वतः कुठं पाहुण्या म्हणून गेलात, तर निघताना टॉवेल एका जागी ठेवा, कचरा डब्यात टाका, खोली आवरणाऱ्या बाईला नाव विचारा. जमलं तर तिच्या हातात चार पैसे ठेवा. तिथल्या आठवडी बाजारातून खरेदी करा, म्हणजे पैसा गावात राहतो.

ऊन फुकट असतं, मैत्रिणींनो. बाकी सगळं कुणाच्या तरी हातांनी उभं राहिलेलं असतं. आपले अनुभव आम्हाला जरूर कळवा.