दारू सुटली, आता राहायचे कुठे?

दारू सोडणे अवघड, हे आपण सारेच म्हणतो. पण दारू सुटलेल्या माणसाने पुढे राहायचे कुठे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू झाले. अशा केंद्रातून काही आठवड्यांनी माणूस बाहेर पडतो, आणि पुन्हा तीच गल्ली, तोच गुत्ता, तेच सोबती! बरे, घरचे दार उघडेलच असेही नाही.

अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग या गावी १९७५ साली काही मंडळींपुढे हाच पेच आला. ज्या सरकारी निवासात ती राहत होती, ते पैशाअभावी बंद होणार होते. त्यांतलेच एक पॉल मलॉय, पेशाने वकील. या मंडळींनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. 'ऑक्सफर्ड हाऊस' ते हेच. नाव ऐकून आम्हा मास्तरांचे कान टवकारतात. पण विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही.

इथे ना अधीक्षक, ना पहारेकरी. भाडे, वीजबिल सारे वाटून. कारभारी निवडायचे ते सहा महिन्यांपुरते. नवा माणूस घ्यायचा तर ८० टक्के मते हवीत. राहण्याला मुदत नाही. मुदत भरली म्हणून बाहेर पडलेली माणसे पुन्हा पिऊ लागलेली या मंडळींनी पाहिली होती. पण जो प्याला, त्याने ताबडतोब निघायचे. ऐकायला निष्ठुर वाटते. घसरला तेव्हाच तर आधार हवा! खरे आहे; पण शेजारच्या खाटेवर पंधरा दिवसांपूर्वी दारू सोडलेला माणूस झोपलेला असतो, त्याचे काय?

१९८८ च्या कायद्याने अशा घरांना ४,००० डॉलरपर्यंत कर्जाची सोय झाली; फेड दोन वर्षांत. शेजारपाजाऱ्यांचा प्रश्न मात्र पैशाने सुटत नाही. एडमंड्स शहराचा नियम तेव्हा असा होता, की बिननात्याची पाचांहून अधिक माणसे म्हणजे कुटुंब नव्हे. नात्यातली मात्र कितीही चालत! ऑक्सफर्ड हाऊसमध्ये तर दहा-बारा माणसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यातून या नियमाला सूट मिळावी, हे शहराचे म्हणणे १९९५ साली फेटाळले गेले.

आपल्याकडे एकटा पुरुष म्हटला की घरमालकाच्या कपाळाला आठी पडते. दारू सोडलेले सहाजण एकत्र आले, तर जागा मिळवताना जोडे झिजतील. सहाजणांच्या वर्गणीतले भाडे एखादा बेकार झाला तरी अडत नाही, एवढे मात्र मालकाला सांगून पाहता येईल.