शेअर घेण्यापूर्वी स्वतःची पत्रिका

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने शेअरच्या व्यवहाराविषयी चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझा जन्म मुलांना त्रैराशिक व शेकडेवारी शिकविण्यात गेला. परंतु हा विषय अर्धा शेकडेवारीचा आणि अर्धा मनुष्यस्वभावाचा आहे, म्हणून हे धाडस करीत आहे. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. घेणारा कोण आहे ते आधी पाहावे, एवढेच माझे सांगणे.

सोयरीक जुळविताना आपण दोन्हीकडच्या पत्रिका मांडतो. शेअर घेताना मात्र कंपनीचीच पत्रिका पाहतो. घेणाऱ्याची कोणी मांडीत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला आप्त एका कंपनीचे नाव कानांत सांगतो आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर खरेदी होते. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण त्याला पंधरा वर्षे थांबता येते, आणि ऐकणाऱ्याला येत्या वैशाखात मुलीचे लग्न करावयाचे असते. भाव उतरला की पैसा जातोच, शिवाय दोन घरांतील येणे-जाणेही खुंटते.

आता थोडे गणित पाहू. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या आसपास होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस तो साडेआठ हजारांवर आला. म्हणजे एक लाखाचे सुमारे ४१ हजार झाले. शेकडा ५९ उतरलेली रक्कम मूळपदावर येण्यास शेकडा ५९ चढून भागत नाही. ती शेकडा १४० हून अधिक चढावी लागते. नोव्हेंबर २०१० मध्ये निर्देशांक पुन्हा २१ हजारांस पोहोचला. ज्यांना तोवर थांबता आले त्यांचे मुद्दल सावरले. ज्यांना गरजेपोटी वा भीतीपोटी मध्येच विकावे लागले, त्यांचे नुकसान कायमचे झाले. २३ मार्च २०२० रोजी तर एकाच दिवसात शेकडा १३ घसरण झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवा उच्चांक झाला. बाजार एकच, फळ मात्र ज्याचे त्याचे निराळे. शिवाय ही कथा निर्देशांकाची. एखादी कंपनीच बुडाली तर तिचा भाव पुन्हा वर येत नाही.

म्हणून आपली पत्रिका मांडताना चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पहिला, हा पैसा केव्हा लागणार? पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये घालू नये, हे माझे मत. दुसरा, मिळकत किती स्थिर, खाणारी तोंडे किती, कर्ज किती, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे काय? तिसरा, आपण घेतो आहोत ते आपल्याला कितपत समजते? चौथा प्रश्न सर्वांत अवघड: लाखाचे साठ हजार झालेले दिसले तर मी काय करीन? येथे शौर्य दाखवू नये. मागे अडचण आली तेव्हा आपल्याला झोप लागली होती काय, ते आठवून उत्तर लिहावे.

पहिल्या दोन प्रश्नांनी ऐपत कळते, शेवटच्याने धीर. या दोहोंत जे कमी असेल त्यावरून जोखीम ठरवावी. तरुण नोकरदाराची ऐपत मोठी, पण धीर अल्प. त्याने थोडक्यापासून आरंभ करावा. सेवानिवृत्त गृहस्थाचा धीर मोठा, पण निर्वाह फंडाच्या व्याजावर. त्याने धिटाईला आवर घालावा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण दोघांनाही लागू आहे.

हे काही माझेच तर्कट नव्हे. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराने सल्ला देण्यापूर्वी ग्राहकाची जोखीम पेलण्याची कुवत तपासलीच पाहिजे. पंगतीतल्या सल्लागारावर असे बंधन नसते. ते आपले आपण पाळावे. म्युच्युअल फंडांच्या योजनांवर जोखमीचा काटा छापलेला असतो; २०२१ पासून त्याच्या सहा पायऱ्या आहेत. तो काटा योजनेची जोखीम सांगतो. आपली पायरी कोणती, हे तो सांगत नाही.

भगिनींनो, एक विनंती आपणांस. हा कागद पतिपत्नींनी मिळून लिहावा व दोघांनी खाली सही करावी. पैसा बुडाल्यावर संसाराची ओढाताण दोघांनाही सोसावी लागते, मग निर्णय एकट्याचा का असावा? दर दिवाळी पाडव्यास, वहीपूजनाच्या दिवशी, तो कागद पुन्हा वाचावा. वय, मिळकत, जबाबदारी बदलली की पत्रिकाही बदलते.

आपल्या समाजात पुंजी एकेक रुपयाने जमली आहे. ती वाढावी ही इच्छा योग्यच. पण वाढण्यासाठी ती आधी टिकली पाहिजे.