सरांचा माउथ ऑर्गन



सर, आज एक कबुली द्यायची आहे. निरोप समारंभाच्या दिवशी तुम्ही मला दिलेला होनरचा ‘मरीन बँड’ मी बिघडवला.

भोकं 10, रीड 20. श्वास आत ओढून वाजवायचा दुसऱ्या भोकातला सूर काही केल्या नीट लागेना. वाद्यच सदोष आहे, असं ठरवून मी खिळे उपसले. रीड टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो, एवढंच ऐकलं होतं. चढव-उतरव करता करता ती पातळ झाली आणि तुटली.

पुढे नवा घेतला, तर त्यातही तोच सूर अडला! दोष माझ्या श्वासाचा होता. मी फार जोरात ओढत होतो.

म्हणून तुमच्या नातवंडांना सांगा, आधी दुकानातला आहे तसा वर्षभर वाजवा. मग हवं तर रीडखालची फट आपल्या श्वासाप्रमाणे जरा कमी-जास्त करा. खरवडणं मात्र जाणत्या हातांवर सोपवा.

सर, तो माउथ ऑर्गन आज खिशात आहे. 19 रीड अजून वाजतात. शाळेची प्रार्थना वाजवतो. विसावा सूर आला की तेवढा तुम्ही सगळे गा.