सांडवा बघायला
(उन्हाळी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)

मंडळी, भूमध्य समुद्रातल्या बेटावर जाऊन धरणं बघत हिंडणारा माणूस एक तर पाटबंधारे खात्यातला असतो, नाहीतर त्याचं घरात भांडण झालेलं असतं. मी पहिल्या प्रकारातला. आमच्या हिचं मत विचाराल तर दोन्ही.

बेट म्हणजे सायप्रस. मुलगी नोकरीनिमित्त लिमासोल शहरात होती, तिच्याकडे आम्ही दीड महिना राहिलो, तोही फेब्रुवारी-मार्चमध्ये. ‘आता कशाला येताय, समुद्र गार असतो’ असं तिनं आधीच बजावलं होतं. बाहेरचा पर्यटक तिथे मे ते ऑक्टोबर या काळात जातो, वाळूवर लोळतो, भाजून निघतो आणि परत येतो. त्याला बेटावर धरण आहे याचा पत्ताही लागत नाही. लागला तरी उन्हाळ्यात बघण्यासारखं काय असतं? वाळलेले डोंगर आणि भेगाळलेला काठ. तिथला पाऊस हिवाळी. नोव्हेंबरला सुरू होतो, मार्चला आटोपतो. त्रोदोस डोंगरावर बर्फ पडतं, ते वितळतं, नद्यांना थोडे दिवस पाणी येतं. म्हणून तिथले लोक तलावावर जातात ते थंडी संपता संपता, आपल्याकडे हुरडा संपलेला असतो तेव्हा.

आता खात्यातल्या माणसाला आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही, तेवढे सहन करा. बेटाचं क्षेत्रफळ 9,251 चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा त्याच्या दीडपटीहून मोठा आहे. 1960 साली सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या सगळ्या धरणांत मिळून साठवण होती 6 दशलक्ष घनमीटर, आमच्या भाषेत दलघमी. आज शंभरावर लहानमोठी धरणं आहेत आणि साठवण सव्वातीनशे दशलक्षांच्या वर गेली आहे. पन्नासपटीहून जास्त! आता हेच आपल्या मापात मांडू. सव्वातीनशे दलघमी म्हणजे साडेअकरा टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, आसपास. आपलं पुण्याजवळचं एकटं वरसगाव धरण साडेबारा टीएमसीहून मोठं आहे. म्हणजे तो अख्खा देश शंभर धरणं बांधून वरसगावच्या मागेच राहिला. हसू नका. बारमाही वाहणारी नदी जवळजवळ नसताना त्यांनी हे उभं केलं आहे.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी एक घोषणा केली होती: पाण्याचा एक थेंबही समुद्रात जाता कामा नये. सरकारी घोषणा भिंतीवर राहतात हा आपला अनुभव, पण ही त्यांनी बरीचशी खरी करून दाखवली. तिथलं सगळ्यात मोठं धरण कुरिस, लिमासोलच्या वर डोंगरात. 1988 मध्ये पुरं झालं. भिंत 110 मीटर उंच, साठवण 115 दलघमी. तीन नद्या अडवल्या आहेत, आणि पाणी बंद नळातून थेट पूर्वेच्या लाल मातीच्या गावांपर्यंत जातं, शंभर किलोमीटरहून लांब. तिकडे बटाटा पिकतो.

कुरिसचा सांडवा मात्र कोरडाच राहिला. एक वर्ष गेलं, पाच गेली, दहा गेली. पहिल्यांदा त्यावरून पाणी पडलं ते 2004 मध्ये. सोळा वर्षं! मग 2012, मग लागोपाठ 2019 आणि 2020. आमच्याकडे सोळा वर्षं सांडवा कोरडा राहिला असता तर ‘हे धरण कुणी आणि का एवढं मोठं आखलं’ म्हणून चौकशी लागली असती.

आणि पाणी पडलं की तिथे काय होतं? सगळं बेट गाडीत बसून ते बघायला येतं. धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आजीला हात धरून उतरवताहेत, पोरं कठड्याला लटकलेली, प्रत्येकाच्या हातात फोन. मुलीनं मला त्याची चित्रफीत दाखवली तेव्हा क्षणभर आपल्याकडचा ऑगस्टमधला रविवारच वाटला. गंमत अशी की, ज्यांनी एक थेंबही समुद्रात जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, त्यांचा सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणजे पाणी समुद्राकडे निघतं तो दिवस. मला यात विसंगती दिसत नाही. पोट भरल्याची खूण ढेकर, तशी धरण भरल्याची खूण सांडवा.

एरवी तिथे जाऊन माणसं करतात तरी काय? पिण्याच्या पाण्याचा तलाव असल्यानं पोहायला बंदी. उरतं मासे धरणं, चालणं, खाणं आणि बघणं. मासे धरायला परवाना लागतो. मासेही मूळचे तिथले नव्हेत, बहुतेक आणून सोडलेले. गळ टाकून बसलेला सायप्रसचा माणूस तासन् तास गप्प बसू शकतो. तो एरवी गप्प बसत नाही, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो. खाण्यात सुव्ला: मांसाचे मोठाले तुकडे लोखंडी सळ्यांना ओवून निखाऱ्यावर सावकाश फिरवायचे. दोन तास धूर, मग जेवण.

त्यातही एक दिवस खास. ईस्टरआधी त्यांचा मोठा उपवास सुरू होतो, त्याचा पहिला सोमवार. तिथे त्याला हिरवा सोमवार म्हणतात. मांस-मच्छी बंद, पण कालवं, कोळंबी चालते. धर्मशास्त्रातल्या पळवाटा आपल्यालाच सुचतात असं नाही! आम्ही वऱ्याचे तांदूळ खातो, ते कोळंबी खातात. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. चटया, ऑलिव्ह, मुळे, कांद्याची पात, तिळाची चपटी पोळी घेऊन सगळे रानात किंवा तलावाकाठी, आणि वर आभाळात पतंग. संक्रांत महिना-दीड महिना उशिरा आल्यासारखी. नेमका हाच काळ तलावात पाणी असण्याचा.

आता जरा पाण्याखाली जाऊ. कुरिसच्या बुडित क्षेत्रात अलासा नावाचं गाव होतं. गाव वर हलवलं, चर्च खाली राहिलं, संत निकोलसचं. पाणी चढलं की ते बुडतं, दुष्काळ पडला की उघडं पडतं. लोक तेही बघायला जातात, पण त्या गर्दीला आवाज नसतो. चर्च दिसलं म्हणजे पाणी गेलं हे पोरालाही कळतं. साठा मोजायला आम्ही पट्टी रोवतो, त्यांच्याकडे चर्चच आहे. 2008 साली ते असंच उघडं पडलं होतं. त्या वर्षी सरकारनं ग्रीसहून टँकर मागवले. आपण टँकर म्हणतो तो नव्हे, जहाज! पाण्याचं जहाज लिमासोलला येत होतं, आणि घरात नळ ठरावीक वेळीच सुटत होता.

पश्चिमेला पाफोसकडे दुसरं मोठं धरण आहे, अस्प्रोक्रेम्मोस, 1982 चं. ते ज्या नदीवर आहे तिचं नावच झेरोस, म्हणजे कोरडी. कोरडी नावाच्या नदीवर 52 दलघमीचं धरण बांधायला धाडस लागतं. तिच्या काठाला फिनिकास हे ओसाड गाव आहे. तुर्की सायप्रियटांचं. 1974 च्या युद्धात बेट दुभंगलं, ते उत्तरेच्या तुर्की भागात गेले, घरं उरली. अलासा पाण्यामुळे उठलं, फिनिकास माणसांमुळे. मी भिंतीभिंतीतून फिरलो. कमानी शाबूत आहेत, छपरं नाहीत, आत बाभळीसारखं काहीतरी काटेरी वाढलंय. खाली निळं पाणी चकाकत होतं. सहलीला आलेलं एक कुटुंब दुरून बघून परत फिरलं. मीही तिथे डबा उघडला नाही.

उत्तरेचं पाणीही वेगळं. 2015 मध्ये तुर्कस्ताननं समुद्रातून 80 किलोमीटर नळ टाकला. तळावर टेकवलेला नव्हे, पाण्यातच दोरांनी बांधून तरंगता ठेवलेला. तो गेचितक्योय इथल्या धरणात वर्षाला 75 दलघमी पाणी आणून टाकणार होता. स्थापत्य म्हणून मी टोपी काढतो. पण 2020 च्या जानेवारीत तो तुटला. त्याच वर्षी दक्षिणेत कुरिस सांडत होतं. एका बेटावर, एकाच हंगामात.

धरणाचं नसलेलं एक पाणीही थोडक्यात सांगतो: लार्नाकाचा खारा तलाव. हिवाळ्यात तिथे रोहित येतात, काठाला हाला सुलतान दर्गा आहे, आणि लाझारस संताला म्हातारीनं द्राक्षं नाकारली म्हणून त्यानं मळ्याचं मीठ केलं अशी कथा सांगतात. तिथे काठानं चालायला जावं. पाणी वीतभर, पण प्रतिबिंब पूर्ण.

धरणाचा हिशेब मात्र खालच्या बाजूलाही मांडावा लागतो. कुरिस अडवल्यावर खालच्या अक्रोतिरीच्या सपाटीत गोडं पाणी मुरणं कमी झालं आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरलं. म्हणजे समुद्राला जाऊ न दिलेले थेंब समुद्र स्वतः येऊन वसूल करून गेला. हे मी विरोधक म्हणून सांगत नाही, माझी पस्तीस वर्षं धरणांवर गेली आहेत.

मी होतो त्या वर्षी कुरिस सांडलं नाही. निघायच्या आधीच्या रविवारी तरी जाऊन आलो. भिंतीवर एक आजोबा खुर्ची टाकून संत्री सोलत बसले होते. मुलीला थोडं ग्रीक येतं, तिच्यामार्फत त्यांनी विचारलं, ‘तुमच्या गावचं धरण भरतं?’ मी म्हटलं, ‘बहुतेक दर वर्षी.’ त्यांचा विश्वास बसेना. ‘दर वर्षी? मग बघायला कोण जातं?’

मी खडकवासल्याची चौपाटी सांगितली. भाजलेली कणसं, तिखटमीठ, कांदाभजी, भिजलेली माणसं, रस्त्याच्या कडेला तीन-तीन रांगांत लावलेल्या गाड्या, शिट्ट्या फुंकून थकलेले पोलीस. मुलगी भाषांतर करता करता कणसापाशी अडली, मग तिनं हातांनी दाखवलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसले.