जुने दगड जपा
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



आपल्या औशासारखाच भुईकोट किल्ला शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मन्याड नदीकाठी कंधारला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ.स. ९३९ ते ९६७) याच्या काळचे तेथील वैभव कळते ते एका शिलालेखावरून. त्यात जगत्तुंगसमुद्र तलाव, क्षेत्रपालाचे देऊळ व दानधर्म यांची नोंद आहे. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुटके भागही तेथे मिळाले. देवळे पडली, दान मात्र दगडाने राखले.

म्हणून हात जोडून विनंती, की आपल्या देवळाचे जुने कोरीव दगड, वीरगळ पायाच्या भरावात टाकू नका. अक्षरांवर चुना फासू नका. ते पारावर नीट मांडा. आजच्या देणगीदारांच्या पाटीशेजारी आधीच्या दात्यांचीही आठवण राहो.