ठरलेला डाव, मोकळा डाव
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)

प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरामुळे बडोदेकरांना आखाडा नवा नाही. कुस्तीत अंगाला अंग भिडल्याशिवाय डाव कळत नाही, हे आपण जाणतो. ताईचीचेही तसेच आहे. चीनच्या हनान प्रांतातल्या या कलेचे पूर्ण नाव ताईचीछ्वान. ‘छ्वान’ म्हणजे मूठ. म्हणजे बागेतली ही संथ कसरत मुळात लढण्याची विद्या आहे.

मी कित्येक वर्षे एकट्यानेच हालचालींचा क्रम करत होतो. पहिल्या मोकळ्या लढतीत मात्र खांदे वर चढले, श्वास अडकला, हात लाकडासारखे झाले. कारण सरावात समोरून कोणी ढकलतच नव्हते.

ही उणीव ‘तुइशौ’ भरून काढते. दोघांनी मनगटाला मनगट लावून गोल फिरवायचे. आधी एक हात, पाय जागेवर. मग दोन्ही हातांनी चार क्रिया : पेलणे, मागे ओढून घेणे, दाबणे, ढकलणे. त्यानंतर पाय चालू लागतात. यांग परंपरेत तर दोघांनी करायचा ८८ हालचालींचा ठरलेला संच आहे. या सगळ्यातून त्वचेला ‘ऐकायला’ शिकवायचे. समोरच्याचा जोर कुठून येतो, ते स्पर्शाने ओळखायचे.

पण ठरलेल्यातून मोकळ्याकडे एकदम उडी नको. एकेक गोष्ट सैल करावी. ढकलायचे ठरलेलेच, पण केव्हा ते जोडीदाराने ठरवायचे. पुढे कोणत्या बाजूने, तेही त्याच्यावर सोडायचे. मग थोडा जोर वाढवायचा. शेवटी मोकळी लढत.

यात माझी एक चूक झाली, ती सांगतो. आमच्यात एक काका होते. वयाचा मान म्हणून त्यांचा हात लागताच मी मागे सरायचो. त्यांना वाटे, आपले जमले. एकदा ते बाहेरच्या माणसाशी मोकळे खेळले, पहिल्याच धक्क्याला पडले आणि मनगट मोडले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा आले आणि म्हणाले, “आता खरे ढकल. पण बेताने.”

जोडीदाराला पेलेल इतकाच जोर लावावा, पण तो खरा असावा. त्याचा मान राखायची रीत हीच, हे मला काकांनी शिकवले.

गणपती बाप्पा मोरया!