डावीकडे वळणाऱ्या मोटारी

अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथील ५०० मैलांची मोटारशर्यत १९११ सालीं सुरू झाली. मार्ग अडीच मैलांचा, फेऱ्या २००, आणि चारही वळणें डावीकडचीं. तेव्हां उघड्या चाकांची ही गाडी मुद्दामच विषम बांधली जाते. निमुळता पेला जमिनीवर लोटल्यास तो सरळ न जातां वाटोळा फिरतो, हें मुलांसही ठाऊक असतें. त्याच न्यायानें मागील उजव्या चाकाचा घेर डाव्याहून किंचित् मोठा ठेवतात. सरळ वाटेवर मात्र अशी गाडी डावीकडे ओढते.

खरा पेंच मागील पंखाचा. विमानाचा पंख वर उचलतो. हा उलटा बसविलेला असल्यानें गाडीस जमिनीशीं दाबतो. त्याचा कल कमी केला कीं हवेचा अडथळा घटून वेग वाढतो, पण वळणावर मागील चाकांची पकड सुटूं लागते. पुढची पकड कमी पडल्यास गाडी बाहेरच्या भिंतीकडे सरकते खरी, पण चालक वेग आवरून सांवरूं शकतो. मागची सुटली तर ताशीं २२० मैलांच्या वेगांत सांवरण्यास बहुधा वेळच मिळत नाहीं. तरीही निवडचांचणींत, जेथें सलग ४ फेऱ्यांची सरासरी मोजतात, तेथें पथकें हा कल कमी करीतच जातात. हिशेब यंत्रज्ञाचा असतो. भिंत चालकाच्या वांट्यास येते.

शर्यतीच्या दिवशीं ऊन चढलें कीं मार्गाची पकडही बदलते. म्हणून चालकापाशीं चाकांवरील भार थोडा इकडेतिकडे सरकविण्याची सोय असते, आणि इंधनासाठीं गाडी थांबली असतां कारागीर पुढच्या पंखाचा कल किंचित् फिरवून देतो.